औषध एक, सल्ले दोन

जंतांच्या औषधाबाबत एक सल्ला जगभर कित्येक वर्षे दिला गेला आणि आजही दिला जातो. ठरलेल्या तारखेला कळपातल्या सगळ्या शेळ्यामेंढ्यांना औषध पाजावे आणि लगेच त्यांना स्वच्छ, न चरलेल्या रानात न्यावे. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांनाही असेच काहीसे सांगितले जाते. एका माशात जंत दिसले तरी टाकीतल्या सगळ्यांना औषध द्यावे आणि टाकी साफ करून घ्यावी. दोन्हीकडे औषधही पुष्कळदा एकच असते, लेव्हामिसोल. गुराढोरांसाठी विकली जाणारी त्याची पूड किंवा द्रावण हौशी मंडळी माशांसाठीही वापरतात.

आमचे म्हणणे असे, की हा सल्ला माशांच्या टाकीत बरोबर आहे आणि चराऊ रानावर चूक. औषध तेच, जंतही एकाच संघातले, गोलकृमी; मग हे कसे? या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत सापडत नाही. ते जंतांच्या जीवनचक्रात आहे, आणि म्हणूनच तो विज्ञानाच्या तासाचा प्रश्न आहे.

जंत मरतात की पडतात?

आधी औषधाची ओळख करून घेऊ. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या संशोधकांनी १९६६ साली टेट्रामिसोल हे नवे जंतनाशक जाहीर केले. त्यात एकाच रेणूची दोन रूपे समसमान मिसळलेली होती. डाव्या आणि उजव्या हाताचे पंजे जसे सारखे असूनही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तशी. जंतांवरचे काम मुख्यतः त्यांतले डावे रूपच करते असे दिसले. ते वेगळे काढले, तेच लेव्हामिसोल.

त्याला जंतनाशक म्हणतात खरे, पण त्याचे काम मारण्याचे नाही. गोलकृमीच्या स्नायूंवर अॅसिटिलकोलीनचे ग्राही असतात. मज्जातंतूकडून अॅसिटिलकोलीन आले की स्नायू आकसतो, ते संपले की सैल पडतो. लेव्हामिसोल त्या ग्राहीवर जाऊन बसते आणि स्नायूला आकसलेलाच ठेवते. जंताला ताठर लकवा होतो, आतड्याची पकड सुटते आणि यजमान प्राण्याचे आतडे त्याला बाहेर ढकलून देते. म्हणजे अर्धे काम औषध करते आणि अर्धे प्राण्याचे शरीर. पट्टकृमी आणि यकृतातले चपटे कृमी यांच्यावर या औषधाचा उपयोग होत नाही. तेव्हा ‘जंतांवर औषध दिले’ या वाक्याला ‘कोणत्या जंतांवर?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय अर्थ नाही.

काचेच्या टाकीत

गप्पीसारख्या माशांच्या गुदद्वारातून कधी कधी लाल दोऱ्यांसारखे काही लोंबताना दिसते. तो बहुधा कॅमॅलॅनस या गोलकृमीचा प्रकार असतो. त्याची मादी जिवंत अळ्या पाण्यात सोडते. या अळ्या सायक्लॉप्ससारखे बारीक जीव खातात आणि ते जीव मासे खातात. कॅमॅलॅनस कॉटी या जातीची आणखी एक खोड आहे. मधला सायक्लॉप्स नसला तरी तिच्या अळ्या एका माशातून थेट दुसऱ्या माशात जाऊ शकतात. टाकीत ती टिकून राहते ती त्यामुळेच.

इथे औषध जनावराच्या वजनावर नाही, पाण्याच्या लिटरवर मोजावे लागते. त्यामुळे पहिली चूक गणिताची होते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकी म्हणजे ५४ लिटर, असे धरून औषध टाकले जाते. पाणी २५ सेंटिमीटरपर्यंतच भरलेले असेल तर ते ४५ लिटर होते, आणि तळाची वाळू व दगड यांनी व्यापलेली जागा त्यातूनही वजा करावी लागते. मात्रा भलतीच वाढली तर मासेच दगावतात. गुरांच्या पाकिटावर माशांसाठीचे हिशेब छापलेले नसतात, म्हणून जाणकाराला विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

दुसरी चूक म्हणजे औषध टाकून वाट पाहत बसणे. लकवा झालेले जंत तळाला पडतात. ते गाळासकट नळीने ओढून काढले नाहीत तर काम अर्धेच राहते. पाण्यात आणि गाळात अळ्या उरू शकतात, म्हणून दोनतीन आठवड्यांनी औषध पुन्हा द्यावे लागते. पण एवढे केले तर टाकीतला शेवटचा जंतही संपवता येतो, कारण टाकीला चार भिंती आहेत. बाहेरून जंत येण्याची वाट एकच, नवा मासा. त्याला काही आठवडे वेगळे ठेवले की ती वाटही बंद. तेव्हा इथे ‘सगळ्यांना आणि पुरते’ हाच नियम योग्य आहे.

चराऊ रानावर

आता कळपाकडे वळू. शेळ्यामेंढ्यांचा मोठा वैरी म्हणजे हिमाँकस कंटॉर्टस. चौथ्या पोटात राहून तो रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. ५,००० जंत असले तर हिशेब २५० मिलिलिटरवर जातो. जनावर पांढरे पडते, जबड्याखाली सूज येते आणि ते मरते. मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंड्यांबरोबर रानात पडतात, आणि पावसाळ्यातल्या उबेत व ओलाव्यात त्यांच्या अळ्या होऊन गवतावर चढतात. कोणत्याही क्षणी पोटात जेवढे जंत असतात त्याहून कितीतरी जास्त अळ्या बाहेर रानात असतात. या रानाला भिंती नाहीत. इथला शेवटचा जंत संपवणे कोणालाच शक्य नाही.

मग सगळ्यांना औषध पाजून स्वच्छ रानात नेले की काय होते? एक काल्पनिक हिशेब मांडू. १०० मेंढ्यांत मिळून १,००० जंत आहेत आणि त्यांतले १० जन्मतःच औषधाला दाद न देणारे आहेत. सगळ्यांना औषध पाजले. ९९० पडले, १० उरले. नव्या रानात पडणारे प्रत्येक अंडे आता या दहांचेच. काही पिढ्यांत ते रान फक्त चिवट जंतांचे होते.

दुसरा मार्ग पाहा. जंत सगळ्या जनावरांत सारखे वाटलेले नसतात. थोड्या जनावरांत पुष्कळ आणि पुष्कळांत थोडे, अशी त्यांची वाटणी असते. समजा, २० मेंढ्यांतच ८०० जंत आहेत. औषध फक्त त्यांनाच पाजले. ७९२ पडले, ८ चिवट उरले. बाकीच्या ८० मेंढ्यांतले २०० तसेच राहिले, त्यांत चिवट २. एकूण उरले २०८, त्यांत चिवट १०, म्हणजे शेकडा पाचाहूनही कमी. आजारी मेंढ्या वाचल्या, औषध एकपंचमांश लागले आणि औषधाची धारही टिकली. औषधापासून दूर ठेवलेल्या या जंतांच्या साठ्याला शास्त्रज्ञ आश्रयस्थान म्हणतात. खऱ्या आनुवंशिकतेत गुंतागुंत जास्त असते, पण दिशा हीच.

हे नुसते कागदी गणित नाही. मेंढ्यांसाठी थायाबेंडॅझोल १९६१ साली आले आणि १९६४ साली त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले. लेव्हामिसोल १९७० साली आले, नोंद १९७९ची. आयव्हरमेक्टिन १९८१ साली आले, नोंद १९८८ची. जंतांच्या औषधांची कुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. औषधे निकामी झाली तर पहिली किंमत तो गरीबच मोजणार आहे.

शेळीच्या बाबतीत आणखी एक अन्याय झाला. शेळीचे शरीर लेव्हामिसोलचा निचरा मेंढीपेक्षा लवकर करते, म्हणून तिला साधारण दीडपट मात्रा लागते. अनेक ठिकाणी तिला वर्षानुवर्षे मेंढीचीच मात्रा मिळाली. अपुरी मात्रा म्हणजे अर्धवट चिवट जंतांनाही जगण्याची संधी. पण या औषधात उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने अंदाजपंचे वाढवूनही चालत नाही. वजन करणे आणि पशुवैद्याला विचारणे याला पर्याय नाही. औषधाचा अंश दुधात उतरतो हेही लक्षात ठेवायला हवे. माणसाने पिण्याचे दूध देणाऱ्या जनावरांना हे औषध देण्यास युरोपीय संघात परवानगी नाही.

‘सरावले’ हा शब्द

औषध लागू पडेनासे झाले की ‘जंत औषधाला सरावले’ असे आपण म्हणतो. वर्गातही हे वाक्य ऐकू येते. आमचा या शब्दाला आक्षेप आहे. मिरचीचा ठसका जसा सवयीने कमी होतो तसे इथे काही होत नाही. जंत बदलत नाही, जंतांची वस्ती बदलते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या मातीतल्या गोलकृमीवर प्रयोग करून जेम्स लुईस आणि सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवले, की काही ठरावीक जनुकांत बिघाड झाला की कृमीला लेव्हामिसोल बाधत नाही. त्यांतली काही जनुके त्या स्नायूवरच्या ग्राहीचेच भाग घडवतात, हे पुढे कळले. कुलूपच बदलले, किल्ली काय करणार? असे बिघाड औषधामुळे होत नाहीत. ते आधीच तुरळक असतात, औषध फक्त त्यांची निवड करते. डार्विनची नैसर्गिक निवड शिकवताना जिराफाच्या मानेपेक्षा हे उदाहरण आपल्या मुलांच्या जास्त ओळखीचे आहे.

‘सगळ्यांना एकदम’ या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे. ती सोपी आहे, तारीख लक्षात राहते, आणि दोनशे मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगराला प्रत्येक मेंढी तपासायला वेळ कुठला, हा प्रश्न खरा आहे. त्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात एक उपाय काढला. फमाचा नावाच्या कार्डावर लालपासून पांढुरक्यापर्यंत पाच रंग असतात. मेंढीची खालची पापणी उलटून आतला रंग ताडून पाहायचा आणि फिक्या पडलेल्यांनाच औषध द्यायचे. अर्थात हे रक्त पिणाऱ्या जंतांपुरतेच चालते आणि पापणी इतर कारणांनीही फिकी पडू शकते. पण बघून औषध देणे हे तारीख बघून देण्यापेक्षा शास्त्राला धरून आहे.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. मिठाच्या संपृक्त द्रावणात लेंडी कालवून गाळली की जंतांची अंडी वर तरंगतात. औषधापूर्वी आणि औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी, दोन्ही वेळी तेवढीच लेंडी घेऊन ती मोजावीत. घट शेकडा ९५पेक्षा कमी असेल तर औषधाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. शाळेतली मोजणी ढोबळ असणार, पक्का निष्कर्ष पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने काढावा. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. सूक्ष्मदर्शक नसेल तर ९९० पांढरे वाटाणे आणि १० काळे घेऊन वरचा हिशेब मुलांकडून मांडून घ्यावा.

टाकीचे पाणी बदलताना मात्र ते आणि त्यातले मासे ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नयेत. हवाई बेटांवर बाहेरून आणून सोडलेल्या गप्पीसारख्या माशांबरोबर कॅमॅलॅनस कॉटी तिथल्या ओढ्यांत पोचला आणि मूळच्या माशांतही शिरला. डासांसाठी आपणही गप्पी सोडतो, तेव्हा सोडण्याआधी ते निरोगी आहेत ना, एवढे तरी बघावे. टाकीत चालणारा नियम ओढ्यात चालत नाही. ओढ्यालाही भिंती नाहीत.

आपल्याकडचा नारू आठवा. तोही गोलकृमीच, आणि तोही सायक्लॉप्समधून येणारा. त्याच्यावर नेमके औषध कधीच नव्हते. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे एवढ्यावर भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. तिथे लोकांना औषधाचे नाव पाठ करून घ्यायचे नव्हते. जंत कुठून येतो आणि कुठे जातो, तेवढे समजून घ्यायचे होते. लेव्हामिसोलसारखे चांगले औषध हाती असताना ती समज सोडून द्यायचे कारण नाही.