माजी विद्यार्थी नावाचा रकाना

सोलापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघटनेचा मी गेली अकरा वर्षे कोषाध्यक्ष आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हिशेब जमतो, या समजुतीवर हे पद माझ्याकडे आले आणि घ्यायला दुसरे कोणी तयार नसल्यामुळे माझ्याकडेच राहिले. या काळात संघटनेची इतिवृत्ते, नोंदवह्या आणि लेखापरीक्षणाचे अहवाल माझ्या हाताखालून गेले. शिवाय इतर ठिकाणच्या स्नेहमेळाव्यांना जाताना तिथल्या स्मरणिका जमवायची सवय लागली. प्रस्तुत लेख या कागदांच्या वाचनातून लिहिला आहे. त्यात टीका आहे, आणि तिचा काही भाग माझ्या स्वतःच्या वाट्याचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : माजी विद्यार्थी संघटनेचे खरे भांडवल म्हणजे तिची नोंदवही. देणगी, सत्कार, मेळावा, स्मरणिका हा सगळा डोलारा त्या वहीवर उभा असतो. आणि आपल्याकडे ती वही व ती राखणारा माणूस यांचीच सर्वांत कमी किंमत केली जाते.

कोणाचे माजी?

सोलापुरात ‘माजी विद्यार्थी’ म्हणजे कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले तेव्हा इथल्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या होत्या. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि सोलापूर तिकडे गेले. संगमेश्वर महाविद्यालय १९५३ चे, म्हणजे पुण्याच्या छत्राखाली जन्मलेले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढची चार दशके आमच्या गुणपत्रिकांवर कोल्हापूरचा शिक्का आला. १ ऑगस्ट २००४ रोजी, शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र जिथे होते तिथेच, एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ उभे राहिले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. वैद्यकीय महाविद्यालयाची वाट आणखी वेगळी. १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर त्याचा धागा नाशिकला जोडला गेला.

परिणाम असा, की एकाच महाविद्यालयात शिकलेल्या एकाच घरातल्या आजोबा, मुलगा आणि नात यांच्या भिंतीवरच्या पदव्या तीन वेगळ्या विद्यापीठांच्या असू शकतात. माझी स्वतःची कोल्हापूरची आहे. इथल्या माणसाच्या लेखी विद्यापीठ म्हणजे निकाल लावणारे दूरचे कार्यालय. जीव जडतो तो महाविद्यालयावर. म्हणून विद्यापीठापेक्षा महाविद्यालयाच्या संघटनेकडेच लोक येतात, आणि कोण कुठे गेले याची नोंद राहिलीच तर ती महाविद्यालयाच्या कार्यालयात राहते. गिरण्या बंद पडल्यावर आणि पुण्याकडे ओघ लागल्यावर तर ही नोंद अधिकच मोलाची झाली. आमच्या कार्यकारिणीतले निम्मे सदस्य पुण्यात राहतात. शनिवारी संध्याकाळी ‘हुतात्मा’ने येतात आणि रविवारी बैठक आटोपून परततात.

स्मरणिका काय सांगते

स्मरणिका हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याची समीक्षा व्हायला हवी, असे मला वाटते. मुखपृष्ठावर इमारत. आत शुभेच्छासंदेश, पदांच्या उतरत्या क्रमाने. मग संस्थापकांचे छायाचित्र, ‘आमची रत्ने’ हा विभाग, आठवणींचे लेख, देणगीदारांची रकमेप्रमाणे लावलेली यादी आणि शेवटी चादरीच्या व कापडाच्या दुकानांच्या जाहिराती.

यातले आठवणींचे लेख मी आवडीने वाचतो. कडक शिक्षक, कँटीनमधला उधारीचा चहा, स्नेहसंमेलनातली फजिती. एकाच साच्यातल्या असल्या तरी त्या खऱ्या असतात. खटकते ते वेगळेच. या गावात आईने विड्या वळून आणि बापाने मागावर रात्रपाळी करून शिकवलेली मुले वर्गावर्गांत होती. स्मरणिकेत ती गरिबी येते, पण फक्त यशाची पायरी म्हणून. जो दुसऱ्या वर्षाला नापास झाला आणि मागावरच बसला, त्याची आठवण कोणी मागवत नाही. आमच्या संघटनेच्या घटनेनुसार महाविद्यालयात एक वर्ष शिकलेला कोणीही सभासद होऊ शकतो. घटना उदार आहे, स्मरणिका नाही.

दुसरी अनुपस्थिती कार्यालयाची. मी जमवलेल्या एकाही स्मरणिकेत मला लिपिकावर किंवा शिपाईमामांवर स्वतंत्र लेख आढळला नाही. आभाराच्या शेवटच्या परिच्छेदात ‘शिक्षकेतर कर्मचारी’ एवढ्या दोन शब्दांत सारे आटोपलेले असते. प्रवेश घेताना ज्याने पहिल्यांदा आपले नाव वहीत लिहिले आणि बाहेर पडताना दाखला दिला, तो माणूस आपल्या सामूहिक आठवणीत नाही.

संकटातून जन्म आणि निकषातून जन्म

अशा संघटना मुळात कशासाठी निघाल्या, हे पाहिले की आजची उणीव नीट दिसते. अमेरिकेतल्या विल्यम्स महाविद्यालयाची माजी विद्यार्थी संघटना १८२१ सालची. या प्रकारच्या संघटनांत ती सर्वांत जुनी मानली जाते. महाविद्यालयाचे अध्यक्षच काही विद्यार्थी घेऊन नवी संस्था चालवायला ॲमहर्स्टला निघून गेले. मागे राहिलेले महाविद्यालय टिकते की नाही अशी वेळ आली, तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी हार मानली नाही. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. भाषाशास्त्रात आणि पुरातत्त्वात या संस्थेने पुढे जे काम केले, त्याच्या मुळाशी ही चिकाटी आहे. लढायचे ठरले तेव्हा कोणाला हाक मारायची, हे ठाऊक असल्याशिवाय अशी चिकाटी उभी राहत नाही.

आमच्यासारख्या बहुतेक संघटनांचा जन्म, किमान त्यांची नोंदणी, अशा संकटातून झालेली नाही. ती नॅकच्या मूल्यांकनातून झाली. २०१७ पासूनच्या पद्धतीत पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा होता. नोंदणीकृत संघटना आहे का, आणि तिचे आर्थिक वा अन्य योगदान काय, असे तिथे विचारलेले. मग गावोगावी घाईघाईने सात नावे गोळा झाली, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली अर्ज गेले, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी क्रमांक मिळाले आणि अहवालाला प्रमाणपत्राची प्रत जोडली गेली. पुढचे काम मात्र कोणाच्या ध्यानात नव्हते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, सभेची सूचना सर्व सभासदांना पोहोचवायची. या शेवटच्या कामाला पत्ते लागतात.

नॅकवर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. त्या प्रश्नात ‘अन्य योगदान’ला जागा होती. पण आम्ही भरला तो लाखांचा रकाना, कारण तो भरायला सोपा. एका वर्षी मीच कपाटे, पंखे आणि जुन्या पुस्तकांची किंमत लावून बेरीज केली. त्याच बेरजेत आमच्या भाऊसाहेबांच्या कामाची किंमत शून्य होती.

भाऊसाहेबांची वही

भाऊसाहेब म्हणजे महाविद्यालयाच्या कार्यालयातले वरिष्ठ लिपिक. आमच्याकडे लिपिकाला याच नावाने हाक मारतात. संघटना नोंदली जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते एक लांबट वही राखून होते. दुय्यम गुणपत्रिकेसाठी, बोनाफाईडसाठी किंवा मुलाच्या प्रवेशासाठी जुना विद्यार्थी खिडकीशी आला, की त्याचा आताचा पत्ता लिहून घ्यायचे. लग्नपत्रिका आली की मुलीच्या माहेरच्या नावासमोर समासात पेन्सिलीने सासरचे नाव. ‘संचार’मध्ये निधनवार्ता वाचली की तारीख. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्याचे पैसेही मिळत नव्हते.

संघटनेने ही वही संगणकावर घ्यायचे ठरवले. नोंदीमागे काही रुपये या दराने दोन विद्यार्थ्यांना काम दिले, बिल मी मंजूर केले. मुलांनी प्रामाणिकपणे शाईत लिहिलेले सारे उतरवले. पेन्सिलीतले उतरवायचे असते हे त्यांना आम्ही सांगितले नव्हते, कारण आम्ही स्वतः वही नीट पाहिलीच नव्हती. पुढे कार्यालयाची रंगरंगोटी निघाली आणि ‘आता संगणकावर आहे’ म्हणून वही रद्दीत गेली. भाऊसाहेब त्याआधी चार महिने निवृत्त झाले होते.

नुकसान काय झाले ते पुढच्या मेळाव्यात कळले. १९७६ च्या तुकडीतल्या एक बाई दुसऱ्या कोणाकडून ऐकून आपण होऊन आल्या. नोंदणीच्या टेबलावर त्यांचे नाव सापडेना. माहेरचे नाव विचारले तेव्हा यादीत एक ओळ निघाली, पत्त्यापुढे ‘उपलब्ध नाही’. त्या मला म्हणाल्या, “मी काही परदेशात नव्हते हो. बाळीवेशीतच होते. इतक्या वर्षांत एक पत्र नाही.” मी काय उत्तर देणार? घरी येऊन यादी पाहिली. त्या काळातल्या तुकड्यांत ज्यांचे पत्ते ‘उपलब्ध नाहीत’ त्यांत बायकांची नावे पानोपानी होती. पुरुष गाव बदलतो, बाई गावाबरोबर नावही बदलते. तिला शोधायची एकच वाट होती, ती पेन्सिलीची. ती आम्ही रद्दीत घातली.

मानधनाचा ठराव

त्यानंतर मी आणि एक सहकारी छापील याद्या घेऊन भाऊसाहेबांच्या घरी जाऊ लागलो. त्यांना बरेच आठवते. ‘हिचे लग्न अक्कलकोटला झाले, दीर आपल्याच वाणिज्य शाखेत होता’ अशा धाग्यांवरून आम्ही काही नावे परत मिळवली. मग कार्यकारिणीपुढे ठराव आणला : त्यांना महिना ३,००० रुपये मानधन द्यावे आणि ही यादी वर्षभर दुरुस्त करून घ्यावी. चर्चा अगदी आदराने झाली. ‘ते सेवाभावी आहेत, पैसे देऊन त्यांचा अपमान होईल’, असे म्हणून ठराव मागे ठेवला गेला. त्याच बैठकीत मेळाव्याचा मंडप आणि सन्मानचिन्हे यांचा खर्च चर्चेविना मंजूर झाला. त्यावर सही करणारा मीच होतो आणि मी गप्प बसलो.

सेवाभाव या शब्दाचा असा वापर आपल्या सार्वजनिक कामात फार जुना आहे. ज्याचे काम दिसत नाही त्याला सेवाभावी म्हणायचे आणि ज्याचे दिसते त्याला सत्काराची शाल द्यायची. स्वयंसेवक आणि पगारी सेवक यांतला फरक मला मान्य आहे. मी स्वतः मोबदला घेत नाही, आणि निवृत्तिवेतन असलेल्या माणसाला ते परवडते. पण नोंद ठेवणे हे रोजचे, कंटाळवाणे, जबाबदारीचे काम आहे. वर्षातून दोनदा पुण्याहून येणारे सदस्य ते करू शकणार नाहीत.

यादीचे महत्त्व भावनेपुरते नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. अर्थसंकल्पावर प्रश्न विचारण्याचा माजी विद्यार्थ्याचा हा कायदेशीर मार्ग. त्यासाठी पदवीधराने आधी स्वतःचे नाव नोंदवावे लागते, आणि प्रत्यक्षात हे अर्ज भरून घेतात ते निवडणुकीला उभे राहणारे गट. आमच्या संघटनेने इतक्या वर्षांत या नोंदणीबद्दल सभासदांना एक पत्रही पाठवले नाही. आज महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्षानुवर्षे राबत आहेत, मंजूर पदे रिकामी आहेत. डेक्कन कॉलेजसारखी वेळ आलीच तर आम्ही हाक कोणाला मारणार?

यंदाच्या वार्षिक सभेपुढे मी मानधनाचा ठराव पुन्हा ठेवला आहे. सोबत तीन लहान सूचना आहेत. प्रत्येक विद्यार्थिनीच्या नोंदीत दोन्ही नावांसाठी जागा असावी. मूळ कागद कधीही रद्दीत जाऊ नये. आणि वार्षिक अहवालात देणगीच्या रकमेआधी, या वर्षी किती हरवलेले सभासद सापडले, तो आकडा छापावा. गेल्या वर्षी असे ४१ सापडले. त्यांतल्या २९ बाया आहेत. बाळीवेशीतल्या बाईंचे पत्र मी स्वतः नेऊन दिले.