शाहिराची बिदागी

शाहिरांवरचे गौरवग्रंथ आणि स्मरणिका वाचताना मला एक सवय लागली आहे. गरिबीचा उल्लेख कितव्या पानावर येतो, ते आधी पाहायचे. अण्णा भाऊ साठे असतील तर फार थांबावे लागत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी लगेच येते आणि लेखकाला हायसे वाटते: माणूस गायला तसाच जगला, हे सिद्ध झाले!

मला ही सिद्धता पटत नाही. ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि १९६९ मध्ये पन्नाशी न गाठताच गेले. झोपडी ही त्यांची परिस्थिती होती, प्रतिज्ञा नव्हे. जी हलाखी संपावी म्हणून त्यांनी डफ हाती घेतला, तीच आपण त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून मिरवतो. मग १९४४ च्या लाल बावटा कलापथकातले त्यांचे सोबती अमर शेख यांचे काय करायचे? त्यांनी ‘प्रपंच’सारख्या चित्रपटात काम केले. म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधला त्यांचा आवाज खोटा ठरतो का?

बिदागी हा आपल्याकडे जुना शब्द आहे. पेशवाईतला शाहीर ती घेई, तमाशाचा फड घेई, जयंतीच्या कार्यक्रमात गाणाऱ्या पार्ट्याही घेतात. ज्याचे पोट गाण्यावर आहे त्याने फुकट गावे, ही अपेक्षा बहुधा दरमहा पगार घेणारेच करतात.

ही अपेक्षा चळवळीच्या आत शिरली की काय होते, ते विलास घोगरे यांच्याबाबतीत दिसते. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा हा गायक आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना दिसतो. डाव्या चळवळीसाठी तो वर्षानुवर्षे गायला. पुढे त्याच्याच संघटनेने शिस्तीच्या नावाखाली त्याला बाजूला केले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. कपाळाला निळे फडके बांधलेले होते आणि भिंतीवर आंबेडकरी ऐक्याची घोषणा लिहिलेली होती. पटवर्धनांचा ‘जयभीम कॉम्रेड’ इथूनच सुरू होतो. मृत्यूची कारणे बाहेरच्याने सांगू नयेत, मीही सांगत नाही. पण कलावंत संदेशाला जागला का, हा प्रश्न इथे उलटा फिरतो. संदेश ज्यांचा होता ते आपल्या गायकाला जागले का?

पैशाची कसोटी सोडली की काही जण तुरुंगाची लावतात. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, माळींना मात्र जानेवारी २०१७ पर्यंत थांबावे लागले. ही किंमत मोठीच आहे. पण अटक करायची की नाही हे सरकार ठरवते. गायकाच्या खरेपणाचा दाखला सरकारकडून कशाला घ्यायचा?

माझ्या मते कसोटी गाण्यातूनच काढावी. गायक ज्याचा निषेध करतो, ते त्याच्या हातात सत्ता असते तिथे चालते का? आणि ती सत्ता बहुधा दोनच ठिकाणी असते: पथकात आणि घरात. अमर शेख यांच्या कन्या मल्लिका यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन मला म्हणूनच या विषयाचा आधारग्रंथ वाटते. त्यातला पती, नामदेव ढसाळ, गायक नव्हे तर कवी आणि पँथरचा नेता. तरी विद्रोहाची भाषा दाराबाहेर राहून घरात काय उरते, हे त्या पुस्तकाइतके उघडपणे मराठीत क्वचितच आले असेल. ढसाळांची कविता त्यामुळे लहान होत नाही, असे मी मानतो. पण ती वाचताना हे पुस्तक बाजूला सारता येत नाही.

शाहिरांच्या चरित्रांत असे पुस्तक शोधायला गेलो की हाती फारसे लागत नाही. पथक महिना महिना दौऱ्यावर असताना घरचे रेशन कोण भरत होते, पोरांच्या फीचे काय होत होते, बिदागी आली तर ती कुणाच्या हातात पडत होती, याविषयी स्मरणिका गप्प आहेत. पत्नीचे नाव बहुधा एकदाच येते, लग्नाच्या वर्षासोबत.