मेणवलीचीं स्थलवर्णनें

वाईजवळ कृष्णेच्या कांठीं वसलेलें मेणवली गांव पाहून आलेल्यांचीं वर्णनें पुष्कळ वाचावयास मिळतात. अर्धचंद्राकृति घाट, मेणेश्वराचें देवालय, नाना फडणिसांचा चौकांचौकांचा वाडा व पाठीमागें सह्याद्रीच्या रांगा, एवढें सांगून तीं संपतात. हें वर्णन खोटें नाहीं. पण इतिहासजिज्ञासूचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं.

पहिला मुद्दा देवालयाजवळील घंटेचा. चिमाजी आपांनीं वसईहून आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ती एक, असें सर्वत्र लिहितात. घंटेवर सन १७०७ चा आहे. वसई पडली १७३९ च्या मे महिन्यांत; नानांचा जन्म १७४२ चा; मेणवली त्यांस मिळाली १७६८ त. म्हणजे वसईचा विजय व नानांकडे गांव येणें यांत एकोणतीस वर्षांचें अंतर आहे. शिवाय घंटेवरील सन ओतल्याचा, आणल्याचा नव्हे. भीमाशंकर व नारोशंकर येथील घंटांची हकीकत अशीच सांगतात. परंतु एकीची हकीकत दुसरीस पुरावा होत नाहीं. मधल्या काळाचा कागद दाखविल्यावांचून या कथेस परंपरा म्हणावें, प्रमाण म्हणूं नये.

दुसरा मुद्दा स्थानाचा. डोंगराचा पायथा रम्य खरा. पण त्याचें महत्त्व निराळें आहे. सवाई माधवराव १७९५ त वारल्यावर जी घालमेल झाली तींत नाना १७९६ त पुणें सोडून साताऱ्यास, मग वाईस व तेथून घाट उतरून महाडास गेले. देश व कोंकण यांच्या सांध्यावरील हा टापू राजकारणी पुरुषास कां मोलाचा, हें यावरून उमजतें. एकाहि वर्णनकारानें हें सांगूं नये, हें नवल!

तिसरा मुद्दा दप्तराचा. वाड्यांतील दप्तर कै. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें आणि त्यांतील कागद प्रसिद्ध झाले. पारसनिसांचा संग्रह १९३९ त साताऱ्याहून पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. कागद वांचले, ही मोठीच गोष्ट. पण वाडा पाहणारे दप्तराचें नांव घेत नाहींत व दप्तर वाचणारे वाड्याकडे क्वचितच वळतात. पत्र जेथें ठेविलें होतें ती जागा व ज्या रुमालांत बांधलें होतें तो रुमाल, हीहि साक्षच होय.

म्हणून संग्राहकांस आमची आग्रहाची विनंती आहे, कीं रुमाल सोडण्यापूर्वीं गांव, घराणें व कागदांचा क्रम टिपून ठेवावा. एकदां मोडलेला क्रम पुन्हा लावतां येत नाहीं.