निघण्यापूर्वीची तार

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्टेशनात थांबते ती नुसती उतारूंसाठी नव्हे. पुढे बोरघाट चढायचा असतो, म्हणून बहुतेक गाड्यांना येथे मागून इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात लोक खाली उतरतात, वडे घेतात, घाटाकडे पाहतात आणि परत चढतात. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांचा विचार करू लागलो की मला हा थांबा आठवतो. चढ कसा निघायचा हे पुष्कळसे येथेच ठरलेले असते. पण प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला या थांब्याची आठवण राहत नाही. त्याचे पुस्तक बहुधा पलीकडच्या विमानतळावर सुरू होते.

नावडत्या देशात सुट्टी घालवायला कोणी जात नाही. माणूस जातो तो आधीच आवडून बसलेल्या देशात. म्हणजे न पाहिलेल्या भूमीवर त्याचे प्रेम असते आणि त्या प्रेमातून त्याने मनाशी एक देश उभा केलेला असतो. लेखकाने आम्हां वाचकांना आधी तो देश दाखवावा, एवढीच माझी मागणी आहे. तो दाखवला नाही, तर खऱ्या देशाने त्याचे काय केले हे कळायला मार्ग उरत नाही. हल्लीची अनेक प्रवासवर्णने वाचून मिटली की मागे काही राहत नाही. याचा दोष मी भाषेला देत नाही. लेखक मुळी काही घेऊनच निघालेला नसतो, मग त्याचे हरवणार तरी काय?

आमच्या खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तेथून १८५७ साली विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार होत्या. दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, गंगा पाहणे होईल, असा त्यांचा बेत होता. आपण कशासाठी निघालो हे भटजी मोकळेपणाने सांगतात. पैशाच्या आशेला ते तीर्थयात्रेचे पांघरूण घालीत नाहीत. म्हणूनच पुढे महूजवळ शिपायांनी बंडाची बातमी कानावर घातली, भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले आणि अनेकदा लुटले गेले, तेव्हा एका माणसाचा बेत उधळत असलेला आपल्याला दिसतो. घरी येताना त्यांच्यापाशी राहिली ती गंगेची कावड. ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. बंडाची हकीकत म्हणून तो नावाजला गेला. मला मात्र तो फसलेल्या बेताचे पुस्तक म्हणून थोर वाटतो.

पुढे १९६० साली पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ आली. विलायतेला निघालेल्या मराठी माणसाची तयारी तिच्यात आहे, सल्ले देणारे स्नेहीसोबती आहेत आणि आपण हसत सुटतो. पण त्या हसण्याच्या खाली पुस्तकांतून आणि नाटकांतून आधी भेटलेले एक इंग्लंड आहे, हे विसरू नये. पु. लं.च्या मागून आलेल्यांनी नेमके तेच विसरले. त्यांनी बॅगेतले लोणचे उचलले आणि मनातले इंग्लंड मागे ठेवले. तेव्हापासून मराठीत तयारी हा विनोदाचा विषय होऊन बसला.

तो विनोदाचा विषय नाही हे मला एका परक्या बालकथेने शिकवले. माझ्या लहानपणी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके आमच्याकडे प्रदर्शनांतून विकायला येत. कागद जाड, चित्रे रंगीत, किंमत दोन-तीन रुपये. त्यांत अर्कादी गैदारची चुक आणि गेक यांची गोष्ट होती. १९३९ सालची ही कथा. वडील दूर तैगाच्या अरण्यात काम करतात. आई आणि दोन मुलगे मॉस्कोहून त्यांच्याकडे जायची तयारी करतात. निघण्यापूर्वी वडिलांची तार येते. नेमकी तेव्हा मुलांची भांडाभांडी होते आणि तार ठेवलेली डबी खिडकीतून बर्फात जाते. आईने विचारले तर सांगायचे, नाही तर गप्प बसायचे, असे दोघे ठरवतात. आई विचारीत नाही. तिघे हजार मैल तोडून पोचतात, तो मुक्कामावर एका राखणदारावाचून कोणी नाही! तारेत लिहिलेले होते की आम्ही जंगलात जात आहोत, तुमचे येणे दोन आठवडे लांबवा.

मी ही गोष्ट कर्जत-खोपोलीच्या गाडीत बसून वाचली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी – सगळी मिळून पंधरा किलोमीटर. बाहेर भाताची खाचरे आणि आत माझ्यापुढे बर्फ. रशियावर माझे प्रेम बसले ते तेव्हा. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही आणि रशियन भाषेचे एक अक्षर मला येत नाही. जे मिळाले ते मराठीतून मिळाले. पण त्या कथेतली गोम कळायला मला कादंबरीकार व्हावे लागले. ज्याला एखाद्या देशाची फार ओढ असते, तो त्या देशाची तार बर्फात टाकतो. आणि कोणी विचारले नाही तर गप्प बसतो.

अण्णाभाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ मी या दृष्टीने पुन्हा वाचले. आवडत्या देशाला निघालेल्या माणसाचे याहून जिवंत पुस्तक मराठीत मला ठाऊक नाही. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला हा माणूस. पुण्याकडून मुंबईला पायी येणाराची रुळलेली वाट बोरघाट उतरून खोपोली-खालापूरवरून जाते. म्हणून ती बापलेकांची जोडी आमच्या गावांवरून गेली असावी, असे मला उगाच वाटत राहते. सोव्हिएत रशिया एकदा तरी पाहावा ही फार दिवसांची इच्छा ते आरंभीच सांगून टाकतात. ही इच्छा पर्यटकाची नव्हे. स्टॅलिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचून तो मुंबईच्या कामगारांपुढे गाणाऱ्या शाहिराची ती इच्छा आहे. १९६१ साली ती पुरी झाली. कष्टकऱ्याला मान कोठे मिळतो, हे चिरागनगरच्या झोपडीत राहिलेले डोळे तेथे शोधीत हिंडतात. मनातला देश आणि समोरचा देश जुळले की नाही, हे त्यांच्या प्रत्येक पानावर धडधडत असते. म्हणून ते पुस्तक जिवंत आहे.

पण एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. तार आलेली होती. १९५६ सालीच ख्रुश्चेव्हने स्टॅलिनच्या जुलमाचा पाढा वाचला होता. अण्णाभाऊ गेले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्यांनी ज्याचा पोवाडा गायला त्या शहराचे नावही बदलले. स्टॅलिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. जुलमाबद्दलचे प्रश्न या पुस्तकात मला भेटत नाहीत. ज्याला आयुष्यभर कोणी पाहुणा म्हणून बोलावले नव्हते, त्याला पहिल्यांदा मानाने बोलावले गेले. त्याने यजमानाची उलटतपासणी करावी असे मी म्हणणार नाही. तरी एवढ्या मोठ्या लेखकाने ती तार खिशात ठेवून हे पुस्तक लिहिले असते, तर त्याचे प्रेम उणे न होता अधिक खोल झाले असते, असे मला वाटते.

हे मी दुसऱ्याला ऐकवतो आहे, तेव्हा माझे काय तेही सांगायला हवे. शाळेच्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी रशियाच्या सहलीचा बेत करीत आलो आहे. मॉस्को, लेनिनग्राड, मग व्लादिवोस्तोकपर्यंतची ९,२८८ किलोमीटरची आगगाडी. कोठे उतरायचे, कोणत्या ऋतूत जायचे, किती पैसे साठले म्हणजे निघायचे. या वहीने मला कित्येक कोरड्या सुट्ट्या सुखाच्या केल्या. पण मी सोव्हिएत देशाचा बेत केला होता आणि तो देश १९९१ च्या डिसेंबरातच संपला. लेनिनग्राडचे सेंट पीटर्सबर्गही त्याच वर्षी झाले. वहीत मी ते नाव बदलले नाही. ही माझी पहिली तार.

दुसरी अधिक जड आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाचे सैन्य युक्रेनवर चालून गेले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला मॉस्कोच्या परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. आणि त्या आनंदात मी महिनाभर युद्धाची बातमी वाचायचे टाळले. डबी खिडकीतून टाकणे म्हणतात ते हेच. पुढे केव्हातरी मी गैदारच्या चरित्राकडे वळलो. तो १९४१ साली जर्मनांशी लढताना पडला आणि त्याला माती मिळाली ती नीपर नदीकाठच्या कानिवला. कानिव युक्रेनमध्ये आहे. ज्याच्या गोष्टीमुळे मी रशियाच्या प्रेमात पडलो, तो ज्या भूमीत निजला आहे तिच्यावर आज रशियाचेच तोफगोळे पडत आहेत.

मग तो बेत खोडावा काय? मी खोडलेला नाही. प्रेम असे खोडता येत नाही आणि खोडल्याचा आव आणून लिहिलेले पान खोटे उतरते. पण वहीत लेनिनग्राडच्या पुढे नवे नाव लिहिले आहे, आणि यादीच्या अखेरीस कानिव. आता या दोन ठिकाणांना एका फेरीत जोडणारी वाट नाही. ती होईपर्यंत मी निघणार नाही. पैसे साठले तरी नाही.

मराठीत पुढे जे कोणी आवडत्या देशाविषयी लिहितील त्यांच्याकडे माझे मागणे थोडे आहे. पहिले प्रकरण घरातच लिहा. कोणता देश मनात होता ते सांगा. आणि निघण्यापूर्वी आलेली तार, ती कितीही नकोशी असो, आम्हांला मोठ्याने वाचून दाखवा. पुढचा घाट मग तुमच्याबरोबर आम्हीही चढू.