कंटेनर दिला, म्हणजे प्रयोग दिला का?

‘डॉकर इमेज सोबत आहे, म्हणून निकाल कुणालाही पुन्हा मिळवता येतील.’ क्वांटम कंप्युटिंगवरच्या लेखांत हल्ली अशा अर्थाचं एखादं वाक्य टाकून लेखक मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे, आणि व्हायव्हात तुम्हाला उरलेल्या अर्ध्याबद्दलच विचारतील.

आधी खरा भाग बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये किस्किट १.० आलं आणि ‘एक्झिक्यूट’ हे फंक्शनच गेलं. एअर सिम्युलेटरही वेगळं पॅकेज म्हणून घ्यावं लागतं. त्यामुळे २०२१ च्या ट्युटोरियलमधला कोड आज पहिल्या काही ओळींतच अडतो. कंटेनरमध्ये पायथन, किस्किट, बाकीच्या लायब्ररी सगळं त्या वेळचं गोठवून ठेवता येतं. आपल्या भागात तर याचा आणखी एक उपयोग आहे, जो मोठ्या शहरातल्या लेखकांना सुचत नाही: चंद्रपूरला बरं नेट मिळालं की इमेज उतरवायची, ‘डॉकर सेव्ह’ने टार फाइल करायची, पेन ड्राइव्हवर टाकून भामरागडला न्यायची. तिथल्या लॅपटॉपवर डॉकर आधीच असेल तर ‘डॉकर लोड’ केलं की नेटशिवाय सिम्युलेटर चालू.

आता खटकणारा भाग. अनेक डॉकरफाइलींत नुसतंच ‘पिप इन्स्टॉल किस्किट’ असतं, आवृत्तीचा आकडा नाही. बेस इमेजचा टॅग ‘लेटेस्ट’. वर्षभराने तीच फाइल बिल्ड करा, वेगळंच काहीतरी तयार होईल. याला गोठवणं कसं म्हणायचं? शिवाय सीड दिला नसेल तर सिम्युलेटरचे काउंट्स दर रनला थोडे बदलणारच.

कंटेनर रॅमही वाढवत नाही. स्टेटव्हेक्टरमधल्या प्रत्येक संमिश्र संख्येला १६ बाइट लागतात, म्हणजे २८ क्युबिटला ४ जीबी आणि ३० ला थेट १६. विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून डॉकर चालवलं तर न सांगता मशीनची साधारण निम्मीच रॅम मिळते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर २८ क्युबिटचं सर्किट का मरतं, हे यातच आलं.

पण खरी गोम हार्डवेअरची. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्याच्या चाचण्या पूर्ण झाल्याचं जाहीर झालं तो टीआयएफआरचा ६ क्युबिटचा प्रोसेसर घ्या, नाहीतर आयबीएमचा क्लाउडवरचा. चिपचा नॉइज काही इमेजमध्ये भरता येत नाही. कॅलिब्रेशन बदलत राहतं. सोमवारचा निकाल शुक्रवारी तसाच येईल याची हमी कोणताही कंटेनर देत नाही. म्हणून बॅकएंडचं नाव, तारीख, जॉब आयडी, त्या वेळचे टी१, टी२, गेट आणि रीडआउट एरर, ट्रान्सपाइल झालेलं सर्किट, हे सगळं निकालाशेजारी ठेवा. हे नसेल तर परीक्षकाच्या हातात तुमचा कोड पडतो, प्रयोग नाही.

आणि हो, आयबीएमचा टोकन डॉकरफाइलमध्ये लिहू नका. पुढच्या ओळीत पुसला तरी तो आधीच्या लेयरमध्ये राहतो, आणि पेन ड्राइव्हबरोबर गावभर फिरतो.