‘विकाऊ’ या शब्दाचे ओझे : मॉड लुईसच्या चित्रांविषयी

मराठीत ‘विकाऊ’ हा शब्द वस्तूला लावला तर ती नुसती माहिती असते, माणसाला लावला तर शिवी होते आणि कलेला लावला तर निकाल. ‘घर विकाऊ आहे’ या पाटीत कोणाला काही गैर वाटत नाही. ‘हा चित्रकार विकाऊ आहे’ म्हटले की मात्र पुढे चित्रांकडे पाहण्याचीही गरज उरत नाही. छोट्या, गमतीदार वस्तू स्वतःच्या हाताने करून स्वतःच विकणाऱ्या कलावंताला या शब्दाचे ओझे सर्वांत अधिक वाहावे लागते. त्याची सुटका करावीशी वाटली की आपण दुसरा शब्द काढतो : ‘निरागस’. विकतो खरा, पण निरागस आहे बिचारा! कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील मॉड लुईस (१९०३–१९७०) हिच्याविषयी बोलताना हा दुसरा शब्द हटकून येतो. तिची चित्रे समजून घ्यायला मला पहिला शब्द अधिक उपयोगी वाटतो. तो शिवी म्हणून न वापरता वर्णन म्हणून वापरला, तर आजवर भाबडेपणाच्या खात्यात टाकलेले पुष्कळ काही कलावंताचे निर्णय म्हणून दिसू लागते.

१

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण तेच फार वेळा सांगितले गेले आहे. मॉडला लहानपणापासून संधिवात होता. हात वाकडे झालेले, खांदे उतरलेले, हनुवटी छातीकडे झुकलेली. आईने तिला नाताळची शुभेच्छापत्रे रंगवायला शिकवले आणि दोघी ती विकत. आईवडील गेल्यावर ती डिग्बी गावी मावशीकडे आली. १९३८ मध्ये तिने एव्हरेट लुईस या फिरत्या मासेविक्याशी लग्न केले. मार्शलटाउन येथील त्याचे घर म्हणजे सुमारे चार मीटर लांब आणि त्याहून थोडी कमी रुंद अशी एकच खोली आणि वर झोपण्याचा माळा. घरात वीज नव्हती, नळही नव्हता. एव्हरेट मासे घेऊन दारोदार जाई तेव्हा मॉडची शुभेच्छापत्रेही बरोबर नेई. एकाची किंमत २५ सेंट. पुढे ती पुठ्ठ्यावर आणि हार्डबोर्डवर चित्रे काढू लागली आणि घराबाहेर ‘चित्रे विकणे आहे’ अशी पाटी लागली. चित्राची किंमत दोन-तीन डॉलर. अखेरच्या तीन-चार वर्षांत ती सात ते दहा डॉलरपर्यंत गेली.

या हकिगतीत दारिद्र्य आहे, दुखणे आहे आणि रंग आहेत. एवढ्यावर कोणाचेही डोळे पाणावतात. पण सुरुवातीचा एक तपशील निसटू नये. मॉडने रंगकाम आणि विक्री एकदमच शिकली, तीही आईच्या हाताखाली. आधी कला आणि मग नाइलाजाने बाजार, असा क्रम तिच्या बाबतीत लागत नाही. गिऱ्हाईक तिच्या चित्रकलेत पहिल्या दिवसापासून हजर होते.

२

आता चित्रांकडे पाहू. बहुतेक चित्रे लहान आहेत, दोन्ही हातांत सहज मावतील एवढी. याचे पहिले कारण शरीर. दुखरा हात जेवढा फिरेल तेवढेच चित्र मोठे होणार. दुसरे कारण रस्त्यावरचे गिऱ्हाईक. मोटारीने जाता जाता थांबलेला प्रवासी काखोटीला मारून नेऊ शकेल, असे ते चित्र हवे. शरीराची मर्यादा आणि बाजाराची सोय येथे एकाच मापात बसली आहे.

तिची पद्धतही ठरलेली होती. तक्त्याला आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, वर बाह्यरेषा काढायची आणि मग रंग एकमेकांत न मिसळता जसाच्या तसा भरायचा. एव्हरेटने कोठून कोठून मिळवून आणलेला होड्यांचा रंगही त्यात असे. खालच्या पांढऱ्यामुळे लाल अधिक लाल दिसतो आणि पिवळा उजळतो. चित्रे घाईने करावी लागत होती हे खरे. पण न मिसळलेल्या रंगाची ही झळाळी घाईतून आपोआप आलेली नाही. दूरवरून, चालत्या गाडीतून नजर खेचून घेईल असे चित्र कसे करायचे, हे जाणणाऱ्या हाताचे ते काम आहे.

सर्वांत मोठा आक्षेप पुनरावृत्तीवर येतो. तीन काळी मांजरे, जोखडातली बैलजोडी, घोड्याची घसरगाडी, छपराचा पूल, बंदरातल्या होड्या : हीच चित्रे तिने पुन्हा पुन्हा काढली. लोक मागत, म्हणून काढली. आपल्या आधुनिक समीक्षेला यात गिरणीचा वास येतो. पण हीच समीक्षा जात्यावरच्या ओवीला एकसुरी म्हणत नाही. ओवीचा सूर तोच असतो, म्हणून तर शब्द मोकळे फिरू शकतात. सावंतवाडीच्या चितारी आळीतले लाकडी आंबे-केळी वर्षानुवर्षे तशीच होतात आणि पारखी माणूस तरीही दहातले एक उचलून बाजूला ठेवतो. मॉडची मांजरे एकापुढे एक ठेवून पाहावीत. एका चित्रात तिघांची नजर सरळ पाहणाऱ्यावर रोखलेली; दुसऱ्यात ट्यूलिपची फुले मांजरांच्या डोक्याहून मोठी; तिसऱ्यात पिल्लांमधले अंतर किंचित वाढते आणि सगळे कुटुंब रुसल्यासारखे दिसते. साचा तिला बांधून ठेवीत नव्हता. तो तिचा सूर होता.

सगळीच चित्रे सारखी सरस नाहीत. मासिकातील लेखामुळे (१९६४) आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमामुळे (१९६५) तिचे नाव कॅनडाभर झाले आणि टपालाने मागण्या येऊ लागल्या. हात साथ देईना आणि मागण्या संपेनात. त्या काळातील काही चित्रांत रेषा थकलेली दिसते. हे सांगणे तिच्यावर अन्याय करणारे नाही. उलट जिला कारागीर म्हणून गंभीरपणे घ्यायचे, तिच्या कामात बरेवाईट निवडायलाच हवे. निरागसतेचा बिल्ला लावला की ही निवडच थांबते. मुलाच्या चित्राला कोणी नापास करीत नाही!

३

इंग्रजीत अशा कलेला ‘व्हिम्झिकल’ म्हणतात. मराठीत याला ‘लहरी’ म्हणावे तर विचार नसल्याचा आरोप होतो आणि ‘बालिश’ म्हणावे तर अपमान. मी ‘गंमत’ हा शब्द पसंत करतो, कारण गंमत करणाऱ्याला आपण गंमत करीत आहोत हे ठाऊक असते.

मॉडच्या हिवाळी दृश्यांत जमिनीवर बर्फ असतो आणि झाडांवर मात्र शरदातली लाल-केशरी पाने. तिच्या बैलांना लांब, वळणदार पापण्या असतात. काही चित्रांत बैलाला तीनच पाय आहेत. याला अज्ञान म्हणता येईल काय? आयुष्यभर नोव्हा स्कोशियात राहिलेल्या बाईला हिवाळ्यात पाने गळतात हे ठाऊक नव्हते, असे मानणे हास्यास्पद आहे. पांढऱ्या बर्फावर तिला लाल रंग हवा होता, म्हणून तिने ऋतू वाकवला. त्या प्रांतात जू शिंगांमागे, डोक्याला बांधण्याची रीत होती. त्या जुवाची सजावट आणि घंटा तिने हौसेने रंगवल्या. पोळ्याचा बैल पाहिलेल्या मराठी वाचकाला ही हौस परकी वाटणार नाही. कामाचे जनावर सणाचे करायचे, एवढाच तिचा हट्ट. ज्या गोष्टी तिच्या जगण्यात कष्टाच्या होत्या, म्हणजे ओझे, थंडी, अंतर, त्या तिने विकण्याजोग्या आनंदाच्या केल्या. हे दुःख लपवणे आहे, असा एक आक्षेप संभवतो. मला तो पटत नाही. आपले दुःख गिऱ्हाइकाला विकायला ठेवायचे नाही, हा तिचा स्वाभिमान असू शकतो.

४

एक काम तिने विकले नाही : घर. भिंती, जिना, चूल, पावाचा डबा, खिडकीच्या काचा, सगळे तिने फुलांनी आणि पाखरांनी भरून टाकले. हे तिचे ‘शुद्ध’, बाजाराबाहेरचे काम, असे म्हणण्याचा मोह होतो. पण रंगवलेले बाहेरचे दार रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसत होतेच. ते घर राहण्याची जागा होते, कारखाना होते आणि दुकानाची दर्शनी बाजूही होते. शुद्ध कला आणि विक्री यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, ती या एका खोलीत घालायला जागाच नव्हती.

विक्रीचा हिशेब मात्र तिच्या हातात फारसा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. एव्हरेट पैसे दडवून ठेवी. १९७९ मध्ये घरात चोरीसाठी शिरलेल्या माणसाने त्याचा जीव घेतला. विकणारी बाई स्वतंत्र कलावंत होती, पण स्वतंत्र व्यावसायिक नव्हती. तिच्यावर अन्याय झाला असेल तर तो येथे झाला. चित्रे विकली गेली, यात अन्याय काही नव्हता.

आज ते घर हॅलिफॅक्सच्या कलासंग्रहालयात उभे आहे. २०१६ मध्ये ‘मॉडी’ हा चित्रपट आला. त्यातील सॅली हॉकिन्सचा अभिनय मोठा आहे, पण चित्रपटाला चित्रांपेक्षा चरित्राची ओढ अधिक. २०१७ मध्ये ऑन्टॅरिओतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सापडलेले तिचे चित्र लिलावात ४५,००० डॉलरना गेले. २०२२ मध्ये ‘ब्लॅक ट्रक’ हे चित्र ३,५०,००० डॉलरना विकले गेले. हे चित्र पूर्वी एका उपाहारगृहाच्या मालकाला चीज सँडविचच्या बदल्यात मिळाले होते, ही कथा तेव्हा जगभर छापून आली. पाच डॉलरच्या भावाने हिशेब केला तर एवढ्या रकमेत ७०,००० चित्रे यावीत.

या फुगलेल्या आकड्यात चित्राची किंमत किती आणि सँडविचच्या कथेची किती? ‘विकाऊ’पणाची चर्चा करायचीच असेल तर ती येथे करावी. रस्त्याच्या कडेला बसून मॉड फक्त चित्र विकत होती. मांजर आवडले तर घ्या, नाही तर पुढे जा. आजचा बाजार तिचे वाकडे हात, तिचे दारिद्र्य आणि तिची कथित निरागसता चित्राबरोबर बांधून विकतो. दोन डॉलरच्या त्या व्यवहारात चित्राकडे चित्र म्हणून पाहिले जात होते. हस्तकलेच्या प्रदर्शनात ‘हाताने केलेले, मग एवढे महाग का?’ असे विचारणारे आपण, आणि करणाऱ्याची करुण कहाणी ऐकली की मुकाट्याने पैसे काढणारेही आपणच. दोन्ही वेळा वस्तूकडे आपले लक्ष नसते. मॉड लुईसच्या पापणीदार बैलांना आपल्याकडून दया नको आहे. त्यांना एवढेच हवे आहे की आपण थांबावे, नीट पाहावे आणि आवडले तर योग्य दाम द्यावे.