एका ओळीचा राजा

सातवाहन घराण्याचा दुसरा राजा कृष्ण. शिलालेखातल्या प्राकृतात तो 'कन्ह' आहे, म्हणजे आपला कान्हाच. परीक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याच्या वाट्याला बहुधा दोनच वाक्ये येतात : त्याने 18 वर्षे राज्य केले आणि नाशिकची लेणी खोदली. या दोन्ही वाक्यांबद्दल आमची तक्रार आहे.

हसनाबादच्या मुलांना हा विषय दूरचा वाटू नये. त्यांच्या तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या गावचे लोक होते, तसे तिथल्या दानलेखांत कोरलेले आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातील वस्तीचे थर हाती आले. तेव्हा या घराण्याच्या आरंभी काय घडले हा प्रश्न त्या वर्गात नक्कीच विचारला जाईल.

आधी लेण्याचे पाहू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील 19 क्रमांकाचे लेणे लहान आहे. मधले दालन जेमतेम 14 फूट चौरस, तीन बाजूंना भिक्षूंसाठी दोन-दोन खोल्या. तिथल्या छोट्या लेखाचा आशय असा : सातवाहन कुळातील कन्ह राजा असताना नाशिकच्या श्रमणांच्या महामात्राने हे लेणे करविले. बस्स, एवढेच. लेणे करविणारा अधिकारी आहे, राजा नव्हे. राजाचे नाव आले आहे ते काळ सांगण्यासाठी, जसे आपण 'अमुक मुख्यमंत्री असताना ही शाळा झाली' असे म्हणतो. शिवाय हे एकच लेणे आहे. टेकडीवरची बाकीची लेणी पुढच्या काही शतकांत वेगवेगळ्या लोकांनी खोदविली.

मग या ओळीतून काही कळतच नाही का? पुष्कळ कळते, फक्त ते वेगळे आहे. नाशिकमध्ये कन्हाची सत्ता मानली जात होती. 'महामात्र' हे पद अशोकाच्या लेखांत येते, म्हणजे मौर्यांची राज्यकारभाराची घडी त्यांच्यानंतरही दख्खनमध्ये काही प्रमाणात टिकली होती. श्रमणांची व्यवस्था पाहायला स्वतंत्र अधिकारी होता. आमच्या मते ही माहिती '18 वर्षे' या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

तो आकडा येतो पुराणांतून. कन्हानंतर कित्येक शतकांनी या याद्या आजच्या रूपात आल्या, आणि नकलताना आकडे बदलत गेले. कन्हाची वर्षे काही पोथ्यांत 18 आहेत, तर काहींत 10. सबंध घराण्याला एक पुराण साडेचारशेहून अधिक वर्षे देते, तर दुसरे तीनशे. यातला एक आकडा उचलून निर्विवाद म्हणून छापणे आम्हाला मान्य नाही.

दुसरा पुरावा नाणेघाटाचा. तिथल्या गुहेत राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली काही नावे उरली आहेत : सिमुक, राणी नायनिका, राजा सातकर्णी, काही कुमार. कन्ह त्यांत नाही. पुराणे सातकर्णीला कृष्णाचा मुलगा म्हणतात. या अनुपस्थितीवरून काही अभ्यासक त्याला सिमुकाचा मुलगा मानतात, आणि कन्हाने पुतण्याची गादी बळकावली असावी इथपर्यंत जातात. नात्याबद्दलचा तर्क विचार करण्याजोगा आहे. गादी बळकावण्याची गोष्ट मात्र आम्हाला कादंबरीच वाटते. भिंतीवर एखाद्याचे नाव नाही एवढ्यावरून भाऊबंदकी सिद्ध होत नाही.

आपल्या याद्यांशेजारी असिरियाची राजावली ठेवली की फरक दिसतो. तिच्यात अगदी आरंभीचे 17 राजे तंबूंत राहणारे म्हणून नोंदले आहेत. पुढे सहा राजांचा एक गट येतो, त्यात शालिम-अहुम हा जवळजवळ अपरिचित राजा आहे. त्या सहांची नावे विटांवर आहेत, पण त्यांच्या वर्षांची नोंद राहिलेली नाही, असा शेरा लेखनिकाने मारला आहे. आकडा नसेल तिथे त्याने तो बनवला नाही! असिरियात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत. अशा एका वर्षाच्या नोंदीत सूर्यग्रहण आहे, आणि गणिताने ते 15 जून, इ.स.पू. 763 ला बसते. त्यामुळे त्या शतकाच्या मागचे-पुढचे राजे वर्षावर्षाने मोजता येतात. शालिम-अहुम मात्र त्याच्या हजारभर वर्षे आधीचा. त्याच्यापर्यंत ही मोजणी पोचत नाही.

कन्हासाठी ग्रहण नाही, वर्षांक नाही. उरते अक्षरांचे वळण. अशोककालीन ब्राह्मीत रेघा साध्या, एकसारख्या जाडीच्या असतात. नंतरच्या अक्षरांना हळूहळू डोके फुटते, कोन येतात. त्याच टेकडीवर 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा बराच नंतरचा लेख आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी दोन्ही ठिकाणचे एकच अक्षर वहीत शेजारी-शेजारी उतरवले तर फरक त्यांच्याच लक्षात येईल. अर्थात वळणावरून दशक सांगता येत नाही, फार तर शतक, आणि तेही वादासकट. म्हणूनच कन्हाला कोणी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी ठेवतात, तर कोणी पहिल्या शतकात. पाठाच्या तक्त्यात त्याच्यासमोर आम्ही एवढेच लिहू : कन्ह (कृष्ण), इ.स.पू. दुसरे किंवा पहिले शतक. पुरावा – नाशिक, लेणे क्र. 19, एक ओळ.